आम्ही काय सामान आहोत?

गेल्या आठवड्यात धाकट्या जाऊबाईंचा फोन आला. दीर आणि ती, दोघे पहिल्यांदाच मुलाकडे कॅनडाला निघाले आहेत. तिकीट चीनमार्गे. २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हापासून हे स्वस्त तिकिटांचे प्रकरण आमच्या नात्यागोत्यात परत उगवले आहे. जाऊबाई म्हणाली, "वहिनी, मध्ये चौदा तास थांबायचंय हो. शांघाय-बीजिंग नाही, भलतंच काहीतरी गाव आहे, नाव माझ्या तोंडात बसत नाही. बाहेर जाऊन बघता येतं का हो?"

मी म्हटले, "येतं. आम्ही गेलो होतो."

झाले! दुसऱ्याच दिवशी पुतण्याचा फोन. "काकू, तू त्यांना नसतं काही सांगू नकोस. मी दोघांसाठी व्हीलचेअर सांगितली आहे. माणूस येईल, गेटपाशी नेऊन बसवेल, वेळ झाली की विमानात बसवेल. त्यांना काही करायचंच नाहीये."

"त्यांना काही करायचंच नाहीये." हे वाक्य दोन दिवस माझ्या डोक्यातून जाईना. माझा दीर अडुसष्ट वर्षांचा आहे आणि रोज पहाटे सिद्धेश्वर तलावाला दोन फेऱ्या मारतो. जाऊबाई भरलेला सिलेंडर एकटी सरकवते. या दोघांना कोणत्या आजाराची व्हीलचेअर? तर इंग्रजीची! पाट्या वाचता येणार नाहीत, चुकतील, घाबरतील, म्हणून पाय असलेल्या माणसांना चाकांवर बसवायचे. नावाची चिठ्ठी तेवढी गळ्यात अडकवायची राहिली.

म्हणून आज हे लिहायला बसले आहे. नात्यातले बरेच जण हे वाचतात, पुतण्याही वाचेल. लेकी बोले सुने लागे असे काही नाही हं, सरळ त्यालाच आणि त्याच्यासारख्या सगळ्या प्रेमळ मुलांना उद्देशून आहे.

आधी माझा स्वतःचा गुन्हा कबूल करते. २०१५ साली आम्ही दोघे पहिल्यांदा मुलाकडे सिडनीला गेलो, तेव्हा वाटेत एका मोठ्या विमानतळावर अकरा तास थांबायचे होते. मुलाने बजावले होते, "आई, जागेवरून हलायचं नाही." आम्ही हललो नाही. मी चाळीस मुलांच्या वर्गाला 'हाताची घडी, तोंडावर बोट' सांगण्यात हयात घालवली, आणि त्या दिवशी स्वतः तशीच बसले. अकरा तासांत काय पाहिले? फरशी पुसणारे यंत्र. ते किती वेळाने परत येते हेसुद्धा मला पाठ झाले होते. घरी आल्यावर शेजारणीने विचारले, "वाटेत कोणता देश लागला?" मी देशाचे नाव सांगितले आणि माझी मलाच लाज वाटली. त्या देशाच्या मातीला माझी चप्पलही लागली नव्हती.

मग २०१९ चा जानेवारी आला. तेव्हा मुलगी कोलकात्याला होती. तिच्याकडे आठ दिवस राहून पुढे सिडनीला जायचे ठरले. कोलकात्याहून चीनमधल्या कुनमिंगला आणि तिथून सिडनीला, असे तिकीट स्वस्तात मिळाले. पहाटे साडेपाचला कुनमिंगला उतरायचे, पुढचे विमान रात्री नऊनंतर. या वेळी मी आधीच जाहीर केले की मी बाहेर जाणार. आमचे हे म्हणाले, "आणि मी?" मी म्हटले, "तुम्ही फरशी पुसायचं यंत्र बघा."

हे वीज मंडळातून निवृत्त झालेले. हिशेबाशिवाय पाऊल टाकत नाहीत. त्यांनी कागदावर उलटा हिशेब मांडला. विमान नऊला, म्हणजे साडेपाचपर्यंत विमानतळावर परत. परतीच्या वाटेला दीड तास, वर अर्धा तास अडीअडचणीला, म्हणजे साडेतीनला गावातून निघायचे. सकाळचे दोन-अडीच तास कागदपत्रांत आणि वाटेत जाणार. मधले साडेसात-आठ तास आपले. लेओव्हर वापरण्याची सगळी विद्या एवढीच आहे. आमच्या एचएमटीवर चाललेला हा हिशेब कोणालाही जमेल.

आता नियम सांगते, कारण "व्हिसा नाही, मग बाहेर कसं सोडतील?" हा पहिला आक्षेप असतो. चीनमध्ये काही देशांच्या नागरिकांना वाटेत दहा दिवस, म्हणजे २४० तास, बिनव्हिसा राहता येते. त्या ५५ देशांत भारत नाही. पण त्याहून जुनी २४ तासांची सवलत आहे, ती भारतीयांनाही मिळते. अट अशी की तुम्ही एका देशातून येऊन तिसऱ्या देशात चालला असाल, आणि पुढचे पक्के तिकीट चोवीस तासांच्या आतले असावे. भारतातून चीनमार्गे परत भारतात, असे चालत नाही. एखाद-दुसरा विमानतळ याला अपवाद आहे, म्हणून निघण्यापूर्वी विमान कंपनीला विचारून घ्यावे. शेवटचा निर्णय खिडकीतल्या अधिकाऱ्याचा. आम्हाला त्याने पुढचे तिकीट मागितले, फॉर्म भरून घेतला, बोटांचे ठसे घेतले, यांच्याकडे आणि फोटोकडे तीन-तीनदा पाहिले आणि छाप मारली. तास गेला. त्याने नाही म्हटले असते तर आत बसलो असतो. विचारायला काय जाते?

बाहेर आलो तर सात वाजून गेले तरी काळोख! मला मोठी गंमत वाटली. एवढा अवाढव्य देश, पण घड्याळ एकच, बीजिंगचे. त्यामुळे पश्चिमेकडच्या गावांत सूर्य उशिरा उगवतो. भूगोलाच्या तासाला रेखावृत्ते शिकवताना मी हे किती वेळा सांगितले असेल. पण विमानतळाच्या दारात कुडकुडत उभे राहिल्यावर ते खरे कळले. कुनमिंग समुद्रसपाटीपासून सुमारे १,८९० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच. त्याला चिनी लोक वसंताचे शहर म्हणतात. ऊन वर आल्यावर ते पटलेही.

पुतण्या म्हणतो 'आडगाव'. या आडगावाची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत सुमारे ८५ लाख होती! दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशचा रस्ता जपान्यांनी तोडला, तेव्हा आसाममधून हिमालयाच्या पूर्व टोकावरून विमाने उडवून याच गावात सामान उतरवत असत. आपल्याला नाव उच्चारता येत नाही म्हणून गाव आडगाव होत नाही.

आम्ही मेट्रोने पूर्वेकडच्या बसस्थानकापर्यंत गेलो, तिथे गाडी बदलली आणि शेवटचा टप्पा टॅक्सीने. जावयाने चिनी लिपीत तीन कागद छापून दिले होते. एकावर 'हिरवे तळे', दुसऱ्यावर 'विमानतळ', तिसऱ्यावर 'आम्ही मांस, मासे, अंडी खात नाही'. त्या तीन कागदांवर आम्ही दिवस काढला. एकही चिनी शब्द येत नव्हता आणि इंग्रजी कोणाला कळत नव्हते. उलट मला बरेच वाटले. दुसरीकडे आम्ही इंग्रजीत अडखळतो आणि समोरचा वैतागतो. इथे दोन्ही पक्ष सारखेच अडाणी, म्हणून दोन्ही पक्ष हसत होते.

ते हिरवे तळे, चिनी भाषेत त्सुइहू, गावाच्या मधोमध आहे. तिकीट नाही. तळ्यातून आडवे-उभे बांध घातले आहेत, त्यावरून चालायचे. आणि तळ्यावर पक्षी! शेकडो नव्हे, हजारो. पांढरेशुभ्र कुरव पक्षी, लाल चोचीचे. सैबेरियाकडून १९८५ सालच्या हिवाळ्यात ते पहिल्यांदा मोठ्या संख्येने या गावात आले आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात येतात. आपल्या कोकण किनाऱ्यावरही हिवाळ्यात हे येतात, पण हातातून पाव घेऊन जाणारा कुरव मी तिथेच पाहिला. पावाची पाकिटे विकायला असतात. यांनी एक घेतले. "दहा मिनिटं थांबू," म्हणाले. तासाभराने मीच म्हटले, "अहो, आता पुरे."

एका बांधाजवळ एका म्हाताऱ्याचा पुतळा आहे. मला वाटले कोणी सेनापती असेल. पुतळ्याशी फोटो काढणाऱ्या एका कॉलेजकन्येने मोबाईलमध्ये बोलून त्याचे इंग्रजी करून दाखवले. ते म्हातारबाबा, वू चिंगहेंग, कारखान्यातून निवृत्त झालेले कामगार. तुटपुंज्या पेन्शनमधला मोठा भाग या पक्ष्यांच्या खाण्यावर खर्च करायचे. रोज लांबून पायी यायचे, पक्ष्यांना नावाने हाका मारायचे. दहा वर्षांहून अधिक काळ हा नेम चालला. १९९५ साली ते वारले आणि गावाने त्यांचा पुतळा उभारला. त्यांच्यावरचा धडा चीनच्या प्राथमिक शाळेच्या पुस्तकात होता, म्हणून तर त्या पोरीला सगळे तोंडपाठ!

मी तिला सांगितले, मीही शिक्षिका. ते भाषांतर वाचून तिने वाकून नमस्कार केला.

पुढे बघतो तर सगळीकडे आमच्याच वयाची माणसे. एक घोळका पेटीसारखे काहीतरी वाजवून गात होता. बायका ओळीत नाचत होत्या. एक आजोबा हातभर लांब कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरे काढत होते. शेवटची ओळ होईपर्यंत पहिली वाळून जाई, पण त्यांना त्याचे काहीच नाही. मी अर्धा तास ते पाहत उभी राहिले. सुलेखनाच्या वहीला पानांचा खर्च नको, शाई नको! एका आजींनी मला हाताला धरून नाचाच्या ओळीत उभे केले. यांनी लगेच पाठ फिरवली आणि पक्षी बघायला लागले.

सांगायचा मुद्दा हा की ती माणसे सत्तरीची होती आणि कोणीही कोणाला "जागेवरून हलू नका" म्हणत नव्हते.

तळ्याच्या पश्चिमेला पिवळ्या भिंतींची एक जुनी चौकोनी वास्तू आहे. १९०९ साली स्थापन झालेले युन्नानचे सैनिकी विद्यालय. आत फोटो लावले आहेत. त्यात एक फोटो चू तेह यांचा, ते इथे शिकून १९११ मध्ये बाहेर पडले. आता हे नाव सोलापूरकरांनी लक्षात ठेवायला हवे. १९३७ साली याच चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर पाठवण्याची विनंती केली, आणि १९३८ मध्ये जे पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले त्यांत आमच्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच गेले. मी वर्गात डॉ. कोटणीसांची गोष्ट कितीतरी वर्षे सांगितली. पत्र लिहिणारा माणूस माझ्यासाठी नुसते नाव होते. त्या दिवशी तो शिकला ते अंगण पाहिले. गेटपाशी बसून हे होत नाही बाबा!

आता पुतण्याचे बाकीचे आक्षेप. ते मी टाळणार नाही.

"काकू, ते आपल्याशी लढले आहेत. त्यांच्या देशात कशाला हिंडायचं?" जून २०२० मध्ये गलवानला आपले वीस जवान गेले, ते मी विसरलेले नाही. चीनमार्गे जायचेच नाही, असे कोणी ठरवले तर मी त्याला मानेन. पण त्यांच्या विमानाचे तिकीट काढायचे, त्यांच्या विमानतळावर चौदा तास बसायचे, आणि फक्त दाराबाहेर पाऊल टाकायचे नाही, ही कुठली देशभक्ती? पैसे तर तू आधीच दिलेस.

"नोव्हेंबर २०२५ मध्ये शांघायला काय झालं माहीत आहे ना?" माहीत आहे. अरुणाचलमध्ये जन्मलेल्या एका भारतीय महिलेला जन्मस्थानावरून तिथे तासन् तास अडवून ठेवले, आपल्या सरकारने निषेध नोंदवला. ते संतापजनकच होते. पण नीट बघ, ती फिरायला बाहेर निघाली नव्हती. ती नुसते विमान बदलत होती. म्हणजे हा मुद्दा मार्ग निवडण्याचा आहे. तो तू तिकीट काढताना बोलायला हवा होतास, तेव्हा तुला वाचलेले पैसे दिसत होते.

"काही झालं तर कळणार कसं?" हा खरा आक्षेप आहे, बाकीचे त्याच्या पोटातून निघाले आहेत. चीनमध्ये आपले व्हॉट्सॲप आणि गूगल चालत नाही. त्या दिवशी आम्ही रोमिंग घेतले नव्हते, त्यामुळे बारा तास आमचा पत्ता नव्हता. मुलाने सिडनीत येरझाऱ्या घातल्या, मुलीने कोलकात्यात देव पाण्यात ठेवले. चूक आमची होती. रोमिंग घ्यायला हवे होते. पण बेटा, तू शिकायला परदेशी गेलास तेव्हा तुझी आई तुझ्या पहिल्या फोनची वाट बघत रात्रभर जागली होती. तिने तुला व्हीलचेअर सांगितली नव्हती. काळजी वाटणे हा प्रेमाचा भाग आहे. पण आपली काळजी कमी व्हावी म्हणून दुसऱ्याला बसवून ठेवणे हा प्रेमाचा भाग नाही, ती आपली सोय आहे.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही दोन शब्द. आमच्या भाच्याने तेव्हा यादी पाठवली होती, आठ तासांत कुनमिंगची दहा ठिकाणे. त्यात तिथले प्रसिद्ध शिलावनही होते. ते गावापासून सुमारे ऐंशी किलोमीटर! जाऊन-येऊन फोटो काढायला वेळ मिळाला असता, बघायला नाही. मी ती यादी घडी घालून पर्समध्ये ठेवली. काही तासांत एक तळे, फार तर त्याच्या काठावरचे एखादे घर. वर्गातही एका तासाला एकच कविता नीट होते. यादीवाले आणि गेटवाले मला सारखेच वाटतात. दोघांनाही मधला वेळ नकोसा झालेला आहे. एकाला तो कोंबून भरायचा, दुसऱ्याला तो झोपून घालवायचा.

हे सगळे सगळ्यांसाठी नाही, हेही सांगते. सहा तासांपेक्षा कमी वेळ असेल तर बाहेर पडू नये. ज्यांना खरोखर चालवत नाही त्यांनी व्हीलचेअर जरूर घ्यावी, त्यात कसला आलाय कमीपणा. ती त्यांच्यासाठीच आहे, आणि धडधाकट माणसे अडवून बसली तर ज्यांना हवी त्यांना ताटकळावे लागते. औषधे, गरम कपडे आणि दोन वेळचा चिवडा हातातल्या पिशवीत असावा. आम्ही तिथे तिखट पूड घातलेले तळलेले बटाटे तेवढे विकत घेतले, बाकी चिवड्यावर भागले. हल्ली तिथे बहुतेक व्यवहार मोबाईलवर होतात, तेव्हा मुलांना काही करायचेच असेल तर पैसे देण्याचे ॲप आईबापांच्या फोनवर घालून, कार्ड जोडून, दोनदा शिकवून द्यावे. व्हीलचेअर सांगण्यापेक्षा त्याला जास्त वेळ लागतो, हे मला माहीत आहे.

साडेपाचला आम्ही विमानतळावर परत होतो. यांच्या हिशेबापेक्षा पाच मिनिटे आधीच. गेटपाशी आमच्यासारखेच एक जोडपे बसले होते, बहुधा सकाळपासून. बाईंनी विचारले, "बाहेर काय होतं हो?" मी पक्ष्यांचे सांगायला लागले. त्या ऐकत होत्या आणि नवऱ्याकडे बघत होत्या.

तो आमचा दोघांचा शेवटचा परदेश प्रवास ठरला. नंतर करोना आला, नंतर यांचे गुडघे. आता यांना स्वयंपाकघरापर्यंत यायला वॉकर लागतो. परवा त्यांना हा पुतण्याचा फोन सांगितला, तर म्हणाले, "त्याला सांग, आत्ता मला व्हीलचेअर चालेल. तेव्हा नको होती."

तेवढेच सांगायचे होते. जाऊबाई, तीन कागद मी छापून ठेवले आहेत. रविवारी येऊन घेऊन जा. उलटा हिशेब दिराला समजावून सांगायला हे बसलेलेच आहेत.